करंजीच्या डोहावरचा घाट

कुरणवाडी, मुरगूडजवळ
९ डिसेंबर २०२४

प्रिय अवंतिका,

हे मी नदीवरून पळत घरी येऊन, पायाचा चिखल न धुता लिहिते आहे. आज सकाळी करंजीच्या डोहात पाणमांजरं दिसली. एकटं-दुकटं नव्हे, अख्खं कुटुंब. दोन मोठी आणि त्यांच्या मागं पिल्लं. आई मासा तोंडात धरून काठाला आली, तशी पिल्लं करंजीच्या झाडाच्या मुळांतून बाहेर पडली आणि शिट्ट्या मारत तिच्या अंगावर चढली. एक पिल्लू पाण्यात उतरायलाच तयार नव्हतं. आईनं त्याला मानेला धरलं आणि सरळ डोहात नेऊन सोडलं. मी चिखलात पालथी पडून बघत होते. माझ्या गावात मी लहानाची मोठी झाले आणि हे मला आज पहिल्यांदा दिसलं.

नदीकाठ वाचवायचा तुझा आराखडा दोन वर्षं आपल्या संस्थेच्या कपाटात पडून होता, हे तुला लागतं ते मला माहीत आहे. आता ऐक. संस्थेनं मला एक गाव आणि एक डोह दिलाय आणि सांगितलंय, की पावसाळ्याच्या आत आराखड्यातलं काहीतरी जमिनीवर उतरवून दाखव. मी कुरणवाडीच मागून घेतली. म्हणजे आता माझाच गाव, माझेच लोक आणि तुझाच आराखडा.

एकच अडचण आहे आणि ती मोठी आहे. ग्रामपंचायतीनं नदीवर घाट मंजूर करून आणलाय. कपडे धुवायला धड जागा नाही, म्हणून बायकांनीच किती वर्षं मागणी लावून धरली होती. पण जागा ठरलीय नेमकी करंजीखाली. संक्रांत झाली की जेसीबी येणार. पिल्लं तोवर बिळातच असतील.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. तुझा आराखडा मी पडद्यावर दाखवणार आहे. मला अजिबात भीती वाटत नाहीये.

तुझी,
आदिती


अरुणाचल, संशोधन छावणी
१५ डिसेंबर २०२४

आदिती,

इथं फोन लागत नाही हे तुला माहीत आहेच. आठवड्यातून एकदा खालच्या गावात उतरतो, तेव्हा मेल उघडते. तुझं पत्र मी बाजारात, चहाच्या टपरीवर वाचलं आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले, की चहावाल्यानं मला पाणी आणून दिलं.

पिल्लं आहेत म्हणजे तो डोह नुसता येण्याजाण्याच्या वाटेवरचा नाही, ते त्यांचं घर आहे. आराखडा करताना मला तिथं फक्त पायांचे ठसे मिळाले होते. आता पुरावा आहे, त्यामुळे मागं हटू नकोस. तीन गोष्टींवर ठाम राहा. दोन्ही काठांना तीस मीटरचा पट्टा मोकळा, डोहात जाळी बंद आणि करंजीपाशी बांधकाम अजिबात नाही. लोकांना नीट समजावून सांगितलं तर ते ऐकतात. आणि नाहीच ऐकलं तर कायदा आपल्या बाजूचा आहे. वनखात्याला एक अर्ज केला की काम थांबेल.

बाबांना फोन करून सांगितलं. त्यांनी आमच्या राजारामपुरीतल्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं म्हणे. ग्रामसभेचं सविस्तर लिही.

अवंतिका


कुरणवाडी
२१ डिसेंबर २०२४

प्रिय अवंतिका,

ग्रामसभा झाली. माझं पानिपत झालं.

पिल्लांचा व्हिडिओ लावला तोवर सगळे खूश होते, पोरंटोरं पुढं येऊन बसली होती. मग मी तुझा नकाशा लावला. काठालगत हिरवा पट्टा, त्यावर 'तीस मीटर' असं लिहिलेलं. सभेतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. इथल्या लोकांचा ऊस पार पाण्याच्या कडेपर्यंत आहे गं. कुणाकुणाची तर सगळी जमीनच तीस मीटर रुंद आहे.

पहिला उठला सयाजी. आमच्या भोई आळीतला, डोहात जाळी लावणारा. म्हणाला, तुझी मांजरं माझी जाळी फाडतात त्याचं काय. मग शालूबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. गेल्या पावसाळ्यात काठावरून घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "तुझ्या मांजराला बीळ हाय. आमाला पाय ठेवायला जागा न्हाय."

सरपंच वर्षाराणी वहिनी निवडून आल्यात त्या घाटाच्या शब्दावर. त्या काही वाईट बोलल्या नाहीत, पण काम ठरल्या दिवशी सुरू होणार हे त्यांनी सांगून टाकलं.

आणि शेवटी आमचे बापूसोकाका. माझे सख्खे चुलते. पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन असल्यामुळं त्यांच्या शब्दाला वजन. ते म्हणाले, "पावणं परवडलं, पुतणी न्हाय. पावणं जेवून जातंय, ही तर नदीचा काठच घिऊन चाललीया." सभा हसली. मी पण हसले, पण घरी आल्यावर रडले.

तरी मी थांबलेली नाही. उलट मला जोर आलाय. तुझ्या आराखड्यात 'स्थानिक घटक' असं एक प्रकरण आहे ना? ते घटक मला काल एकेक करून दिसले. त्यांची नावं आहेत, भांडणं आहेत. म्हणून मी ठरवलंय, की तीस मीटर तूर्त बाजूला ठेवायचे. जेसीबी करंजीपासून हलवायचा, एवढं एकच धरायचं. घरोघरी जायचं आणि आधी ऐकून घ्यायचं. रागावू नकोस.

आदिती


अरुणाचल
२९ डिसेंबर २०२४

आदिती,

रागावले आहे.

तीस मीटर हा आकडा मी हवेतून आणलेला नाही. खतं आणि औषधं पाण्यात उतरू नयेत, मुळांना माती धरून ठेवता यावी आणि प्राण्याला लपायला झाडोरा असावा, यासाठी लागतं तेवढंच आहे ते. त्यापायी मी दोन उन्हाळे त्या काठावर काढले. एका ग्रामसभेत लोक हसले म्हणून तू ते बाजूला ठेवतेस? उद्या जाळी सोडशील, परवा करंज सोडशील. मग आराखड्यातलं उरतं काय?

तू सगळ्यांचं ऐकून घेईपर्यंत संक्रांत होऊन जाईल. पिल्लांना तेवढा वेळ नाही. म्हणून मी आजच वनखात्याला रीतसर अर्ज मेल केला आहे, संस्थेच्या नावानं. ते येऊन पाहणी करतील आणि काम थांबेल. तुला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

अवंतिका


कुरणवाडी
१८ जानेवारी २०२५

अवंतिका,

काम थांबलं. तुझं अभिनंदन.

वनखात्याचे साहेब आले, त्यांनी डोह बघितला, पंचनामा केला आणि पुढचा निर्णय होईपर्यंत घाट बंद असं सांगून गेले. त्यांनी त्यांचं काम केलं. पण अर्जावर संस्थेचं नाव होतं आणि गावात संस्था म्हणजे मी. मी अर्ज केला नाही, हे आता कुणाला पटत नाही. शालूबाईंनी माझ्या तोंडावर दार लावलं.

त्यानंतर दोन दिवसांनी डोहाचा काठ पेटला. लव्हाळं, वाळकं गवत, सगळं जळून करंजीखालची जमीन काळी पडली. पाणमांजरं गेली. मी रोज जाते. पाणी नुसतं पडून असतं.

कुणी पेटवलं ते माझ्या मते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी बापूसोकाकांच्या हाताला पट्टी होती. मी त्यांच्याकडं जाणं बंद केलंय.

तू मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

आदिती


अरुणाचल
२६ जानेवारी २०२५

आदिती,

तुझं पत्र मी छावणीत परत येताना वाटेत पुन्हा वाचलं. तुला वाईटपणा येऊ नये म्हणून केलं असं मी म्हणाले होते. खरं म्हणजे मला जिंकायची घाई झाली होती. तुला न विचारता मी अर्ज करायला नको होता. साहेबांना मी लिहिलं आहे, की घाटाला आमचा विरोध नाही, फक्त जागेला आहे, आणि जागा गावानं सुचवावी. ते पत्र सरपंचांनाही पाठवलं आहे, अर्ज माझा होता हे स्पष्ट लिहून, माझ्या सहीनं.

आता कामाचं. पिल्लं लहान असताना आई त्यांना घेऊन लांब जात नाही. तिची आणखी एक-दोन बिळं जवळपास असतातच. वरच्या आणि खालच्या वळणावर सपाट खडक आणि ओली वाळू बघ. विष्ठा सापडेल. तिला सडक्या मासळीचा वास येतो आणि तिच्यात माशांचे खवले आणि खेकड्यांचे तुकडे चमकतात. ती ओली असेल तर पाणमांजरं जवळच आहेत. जळलेलं गवत परत येईल. करंजीची मुळं शाबूत असली तर ती आईही परत येईल. मी असं इथं घडताना बघितलं आहे.

बाकी काय करायचं ते तू ठरव. मी विचारल्याशिवाय काही करणार नाही.

अवंतिका


कुरणवाडी
२ मार्च २०२५

प्रिय अवंतिका,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण एवढे दिवस बसलेच नाही. आता सगळं एका दमात सांगते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी वरच्या वळणावर गेले. वाळूत ठसे होते, खडकावर विष्ठा होती आणि ती ओली होती. मी तिचा वास घेतला आणि मला एवढा आनंद झाला, की तिथंच मोठ्यानं हसले. पलीकडं म्हशी धुणारा माणूस माझ्याकडं बघत राहिला.

मग मी घरचे कपडे घेऊन रोज नदीवर धुवायला जायला लागले. पहिले काही दिवस बायका माझ्याशी बोलल्या नाहीत. मी धुणं आपटत बसले. मग वर्षाराणी वहिनींनी तुझं सहीचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी शालूबाई माझ्या शेजारच्या दगडावर येऊन बसल्या. माझं धुणं बघून म्हणाल्या, "शिकलेली हायस, पर पिळाय येत न्हाय तुला." मी त्यांना विचारलं, मावशी, घाटाची जागा तुम्हाला विचारली असती तर तुम्ही कुठं सांगितली असती? त्यांनी काठी उचलून खालच्या अंगाला दाखवली. पाट्याचा खडक. तिथं पायाखाली मुरूम आहे, पाणी संथ आहे. करंजीखाली सगळ्यात जास्त घसरतं, हे सगळ्या बायकांचं म्हणणं. मग घाट तिथं का ठरला? तर डांबरी रस्ता तिथवर जातो म्हणून. मोजमाप करणारे गाडीतून उतरले, तिथंच उभे राहिले आणि तिथंच खूण करून गेले.

म्हणजे बायकांनाही ती जागा नको होती आणि आपल्यालाही. आणि मी ग्रामसभेत त्यांच्याशी भांडत होते.

पण पाट्याच्या खडकाकडं जायला रस्ता नाही. मधे ऊस आहे. आणि ऊस कुणाचा, तर बापूसोकाकांचा.

मी काकांच्या घरी गेले आणि उसातून वाट मागितली. काकांनी मान हलवली, न्हाय म्हणजे न्हाय. मी पण काठ कुणी पेटवला यावरून काहीबाही बोलले. ते उठून मळ्याकडं गेले. तेव्हा राजमती काकींनी मला आत बोलावलं, पुढ्यात ताट ठेवलं आणि मी जेवत असताना सांगितलं. काठ काकांनी पेटवला नव्हता. वरच्या अंगाला कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि वारं फिरलं. काका एकटेच ओलं पोतं घेऊन आग विझवत होते, त्यात हात भाजला. मी ताटावरून मान वर केली, तशा काकी म्हणाल्या, "ते तुझ्या मांजरासाठी न्हवं बरं का. पाण्याच्या मोटारीची केबल जळाय लागलीती."

आणि रस्त्याचं खरं कारण पण त्यांनीच सांगितलं. पूर्वी गावाच्या रस्त्यासाठी काकांनी रानाची कड सोडली होती. तिथं रस्त्याखालून पाणी जायला मोरी घालून देतो असा शब्द होता. पंचायती बदलल्या, मोरी काही आली नाही. दर पावसाळ्यात पाणी तुंबून त्यांचा ऊस पिवळा पडतो. त्यांना रस्ता नको आहे असं नाही, त्यांना पुन्हा शब्द नको आहे.

मी ताट तसंच ठेवून वर्षाराणी वहिनींकडं पळाले. वहिनी आपल्यापेक्षा थोड्याच मोठ्या आहेत आणि घाट पावसाआधी व्हावा म्हणून माझ्याइतक्याच घायकुतीला आलेल्या. म्हणाल्या, घाट कुठं बी होऊ दे, पण झाला पायजे. आधी मोरी, मग रस्त्याची गोष्ट, असं आम्ही ठरवलं. कागदावर काही मागायचं नाही, काकांसमोर हात जोडायचे नाहीत. सरळ पाईप आणायचे आणि बसवायचे.

गेल्या मंगळवारी जेसीबी आला. तोच, अवंतिका, जो करंजीखाली येणार होता. काका बांधावर उभे राहून बघत होते. पाईप बसला, माती पडली, वरून पाणी सोडून बघितलं आणि ते पलीकडं धावलं. काका खाली उतरले, मोरीत वाकून बघितलं आणि वहिनींना म्हणाले, "आता वाट न्या. पर उसाच्या मधनं नको, बांधाकडनं न्या." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन काठाच्या दोन सऱ्या मी पडीक ठिवतो. तसं बी पाणी लागून तिथं ऊस येत न्हवता."

सयाजीदादाचं पण जमत आलंय. त्याचा खरा राग पाणमांजरांवर नाहीच. बाहेरची माणसं गाडीवर बॅटरी घेऊन येतात, पाण्यात करंट सोडतात आणि माशांच्या चिमुकल्या पिल्लांपासून सगळी मासळी मारून नेतात. मागं उरेल त्यावर पाणमांजर आणि सयाजीदादा दोघांनी जगायचं. त्याचं म्हणणं, गाव करंटवाल्यांना अडवणार असेल तर दर वर्षी, पाणमांजरांची पिल्लं लहान असतात तेवढी थंडीभर, मी डोहात जाळं टाकत नाही. परवा सभेत सगळ्यांनी हात वर केले. आता अडवायला खरोखर कोण येतंय ते बघायचं.

नव्या जागेला साहेबांची पण संमती आली. खणायला सुरुवात झाली आहे. अगं, मला झोपच येत नाही आनंदानं.

तुझी,
आदिती


अरुणाचल
९ मार्च २०२५

आदे,

छावणीतल्या सगळ्यांना बसवून तुझं पत्र हिंदी करून ऐकवलं. मोरीपाशी आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका मोरीच्या पाईपाला अरुणाचलात टाळ्या मिळाल्या, हे तुझ्या काकांना सांग.

दोन सऱ्या म्हणजे जेमतेम तीन मीटर. आकडा माझ्या डोक्यातून जात नाही आणि जाऊही नये, कारण नदीला तीस लागतातच. पण माझ्या नकाशावर तीस मीटर होते तेव्हा जमिनीवर एकही नव्हता. त्या दोन सऱ्यांत लव्हाळं आपोआप येईल. वाळा लावता आला तर लाव, माती धरून ठेवतो आणि कापून विकताही येतो. शेजारच्या रानवाल्यांना तेवढं दाखवायला पुरे. पाचट न जाळता रानातच कुजवण्याबद्दलही बोल, तुझ्या काकांनाच पुढं कर. हात भाजलेला माणूस सांगेल तर लोक ऐकतील.

मी आराखडा नव्यानं लिहायला घेतला आहे. पहिलं प्रकरण डोहाचं नसून घाटाचं आहे. मे महिन्यात येते. पिल्लं परत आली का, ते तू मुद्दाम लिहिलं नाहीस, असं मला वाटतं. खरं काय ते कळव.

अवंतिका


कुरणवाडी
२० एप्रिल २०२५

प्रिय अवंतिका,

मुद्दाम नव्हतं लिहिलं, बरोबर ओळखलंस. वरच्या वळणावरचे ठसे पण मधे दिसेनासे झाले होते आणि मला ते शब्दांत लिहायचं धाडस झालं नाही. आता लिहिते. परत आलीत. करंजीखालीच. गवत फुटलंय आणि पिल्लं एवढी मोठी झालीत, की आईला ओळखायला वेळ लागतो.

घाट झाला. शालूबाई पहिल्या उतरल्या, काठी वर ठेवून, कठड्याला धरून. खालच्या पायरीवर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले.

पण मी लिहायला बसले ते कालच्यासाठी. काल दुपारी आम्ही बायका घाटावर होतो. दोन गाड्या करंजीपाशी थांबल्या. चार माणसं उतरली, बांबूला तारा बांधलेल्या, पिशवीत बॅटरी. आधी आम्हाला कळेचना. शालूबाईंनी हाक दिली, एकच, पण ती गावाच्या वेशीपर्यंत गेली असेल. सयाजीदादा आळीतून पळत आला, त्याच्यामागं सगळी आळी. वर्षाराणी वहिनी हातातली कामं टाकून आल्या. मी नव्या वाटेनं धावले. आणि बघते तर काय, बापूसोकाका माझ्याआधी तिथं. इजार गुडघ्यापर्यंत वर ओढून पाण्यात उभे, बांबूच्या आणि डोहाच्या मधे.

त्यातला एक म्हणाला, काका बाजूला व्हा, शॉक लागेल.

काका म्हणाले, "पावणं, तार भाईर घ्या. आमची पोरं हायत हितं."

त्या माणसानं सगळीकडं बघितलं. पाण्यात कुणीच नव्हतं. "कुठं हायत पोरं?"

"करंजीखाली," काका म्हणाले. "आईसंगं."

कुणी हसलं नाही, अवंतिका. सयाजीदादानं पुढं होऊन तारा गुंडाळल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. माणसं बरीच जमली होती, त्यामुळं ते चौघं गुमान निघून गेले. वहिनींनी पोलीस पाटलांना गाड्यांचे नंबर दिले. काका पाण्यातून बाहेर आले आणि मला म्हणाले, धोतर असतं तर भिजलं असतं. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांनी मला ओली चप्पल शोधायला लावली.

आता शेवटचं. हे सगळं पलीकडच्या काठावरून बघणारी माणसं होती. तिकडचा गाव आमच्याशी कधी धड बोलत नाही, पाण्यावरून जुनं वाकडं आहे. आज सकाळी त्यांच्या उपसरपंचांचा फोन आला. तिकडच्या बायकांना पण घाट हवा आहे आणि तो कुठं बांधावा हे ठरवायला त्यांनी आम्हाला बोलवलंय. मी विचारलं, पडदा आणि नकाशा आणू का. ते म्हणाले, ते नंतर, आधी तुमच्या त्या शालूबाईंना आणा.

उद्या आम्ही बंधाऱ्यावरून पलीकडं जातोय. शालूबाई गाडीवर माझ्या मागं बसणार, सयाजीदादा पुढं जाऊन वाट बघणार, काका म्हणतात, मला काय काम न्हाय, पर मी येतो. तू मे महिन्यापर्यंत कशी थांबतेस कुणास ठाऊक. लवकर निघता आलं तर बघ. कागलला उतर, मी न्यायला येते.

तुझी,
आदिती